कोरडी खुर्ची

साल्झबर्ग, ऑस्ट्रिया
शुक्रवार, ३ मे १९६८

मरियमआपा,

सलाम. तू हे पाकीट फोडशील तेव्हा शुक्रवारचं जेवण उरकलेलं असेल, जहूरभाई पान लावत बसले असतील आणि युसुफचाचा, रफिक, जयगडची सगळी मंडळी तुझ्या बैठकीत पाय पसरून बसली असतील. तेव्हा ठासून वाच. तुझ्या धाकट्या भावाने काय काय पाहिलं ते अख्ख्या बर दुबईला कळू दे. एक अक्षर गाळायचं नाही!

बैरूतला विमान बदललं, व्हिएन्नाला उतरलो, पुढे रेल्वे. स्टेशनावर स्वतः एडरसाहेब कुबड्या घेऊन उभे. विसरलं असेल कुणी तर सांग, खाडीच्या तोंडाशी क्रेनची साखळी तुटली तेव्हा मी ज्यांना कॉलर धरून ओढलं, ते हेच इंजिनिअर. पाय गेला, जीव वाचला. त्या उपकारापोटी आम्हा नवराबायकोला दोन महिन्यांचं आमंत्रण आणि जाण्यायेण्याची तिकिटं. स्टेशनावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि एडरबाईंना दाखवले. "धीज हँड्स, धीज हँड्स!" म्हणत राहिले. साध्या स्टोअरकीपरचा असा मान, आपा!

शहर म्हणजे काय सांगू. मधून हिरवी नदी, वर डोंगरावर पांढरा किल्ला, खाली अरुंद गल्ली. गल्लीत प्रत्येक दुकानावर लोखंडाची नक्षीदार पाटी लटकते. चांभाराचा बूट, कुलूपवाल्याची किल्ली. वाचता येत नसलं तरी दुकान सापडावं. एका पिवळ्या घरासमोर ही गर्दी. कुणी मोठा संगीतकार तिथे जन्मला म्हणे. आत गेलो तर खोल्या रिकाम्या.

बानूला मात्र आल्या आल्या सरळ करावं लागलं. तू दिलेली नारळाच्या वड्यांची पिशवी रेल्वेत विसरली. प्लॅटफॉर्मवरच एक ठेवून दिली. एडरबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं! मी म्हटलं, नो प्रॉब्लेम मॅडम, फॅमिली मॅटर.

जहांआराला पप्पांचा मुका. तुझ्याकडे ठेवली आहे म्हणून मी बिनघोर हिंडतोय.

तुझा
खैरुद्दीन

०

बर दुबई
१२ मे १९६८

खैरू,

वलेकुम सलाम. तुझं पत्र वाचता वाचता माझा घसा बसला. "परत वाच, परत वाच" करून मंडळींनी मला दोनदा वाचायला लावलं. युसुफचाचा म्हणाले, "पोरगा बिनआईबापाचा, पण नाव काढलंन." मी पदराआड डोळे पुसले. चार वर्षांचा होतास तेव्हापासून तुला माझ्या ताटातलं भरवलंय, मग छाती फुगणारच.

'एक ठेवून दिली'वर रफिकने टाळी मारली. जहूर मान न उचलता पान लावत राहिले, ते तसेच. पण मी सांगते ते ऐक. परक्या मुलखात बायकोवर हात उगारू नकोस. तिथल्या बायका म्हणे उठसूट पोलीस बोलावतात. आपली अब्रू आपण सांभाळावी. जे काय असेल ते घरी आल्यावर, चार भिंतींत.

आणि बानूलाही सांग, जरा भानावर राहा म्हणावं. वड्यांना मी तीन नारळ खोवले होते.

जहांआरा ठीक आहे. शेजारच्या मिसकडे शिकायला जाते आणि माझ्याशी इंग्लिश फाडते. काल जेवेना. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, "आय वाँट मम्मी." रात्री आईची ओढणी उशाला घेते, त्याशिवाय डोळा मिटत नाही. उकाडा वाढलाय. अबऱ्याच्या होडीतून खाडीपलीकडे दैऱ्याला जायचं तरी जीव नको होतो. तुम्ही थंडीत आहात, मजा करा.

तुझी
आपा

०

साल्झबर्ग
२० मे १९६८

आपा,

तुझं पत्र आलं. बानूलाही वाचून दाखवलं, विशेषतः घरी आल्यावरचा भाग.

आज शुक्रवारच्या बैठकीसाठी खास माल पाठवतो. जुन्या काळी या शहरावर धर्मगुरूच राज्य करायचा. शहराबाहेर त्याचा एक महाल आहे, नुसता चेष्टेसाठी बांधलेला. बागेत दगडी टेबल, भोवती दगडी बैठका. पाहुण्यांना बसवायचं, खायला घालायचं आणि मग खुणेसरशी बैठकीच्या भोकातून पाण्याची चिळकांडी! सगळ्यांची बुडं ओली. टोकाच्या एकाच खुर्चीला भोक नाही. ती धन्याची, ती कायम कोरडी. आणि धनी बसला आहे तोवर पाहुण्याने उठायचं नाही, भिजत बसायचं. वा! घर असंच चालवावं, मी तर म्हणतो.

एडरसाहेबांनी मानाने मला एका बैठकीवर बसवलं. मला काय ठाऊक? सुर्रकन पाणी वर! नवी पँट, नवा कोट, सगळं चिंब. चाळीस-पन्नास माणसं हसली. मीही हसलो, हसावं लागतं. तेवढ्यात बानूकडे नजर गेली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, अशी हसलेली मी तिला पाहिली नव्हती.

शेजारी शिंपल्यांनी मढवलेली एक गुहा आहे. "चल, आत बघू," म्हणून तिला नेली. आत पाण्याचा आवाज असा की कानठळ्या बसाव्यात, बरंच झालं. केसांना धरलं आणि तोंडावर दोन-तीन दिल्या. ओठ फुटला, पुढचा दात हलायला लागला. म्हटलं, आता हस. हस ना! हसली नाही. मग बाहेर येऊन सर्वांनी कॉफी घेतली. तिने रुमाल धरून घेतली.

हा भाग जरा रंगवून वाच, रफिकला आवडेल.

पुढच्या आठवड्यात किल्ला.

खैरुद्दीन

०

बर दुबई
२८ मे १९६८

खैरू,

तुझं पत्र शुक्रवारी वाचायला घेतलं. टेबलाचं वाचलं, कोरड्या खुर्चीचं वाचलं, तू भिजलास तेही वाचलं. मंडळी हसून हसून लोळली. गुहेच्या तोंडाशी मी थांबले. रफिक म्हणाला, "भाबी, आगे?" म्हटलं, आगे सलाम. खलास. आणि कागद घडी करून चोळीत घातला.

जन्मात पहिल्यांदा तुझं लिहिलेलं गाळलं.

दात हलणं ही चेष्टा नाही. बाई हसली म्हणून मारली हे मला कळत नाही. मीही हसले ना तुझ्या चिंब पँटीवर! अख्खी बैठक हसली. कुणाकुणाला गुहेत नेणार आहेस?

मला बानूच्या हातच्या दोन ओळी पाठव. तू तिच्या वतीने लिहिलेल्या नकोत, तिच्या हातच्या हव्यात. "मी बरी आहे" एवढं लिहिलं तरी पुरे.

जहांआराचा पुढचा दात पडला. डबीत ठेवलाय, मम्मीला दाखवायचाय म्हणते.

आपा

०

साल्झबर्ग
४ जून १९६८

आपा,

तू मागितलेल्या दोन ओळी आता मिळायच्या नाहीत. बानूचा उजवा हात मोडला. दोन ठिकाणी. प्लास्टर आहे. किल्ल्यावर तिचा पाय घसरला.

घाबरू नकोस. सविस्तर लिहितो, शुक्रवारी वाचून दाखव. सगळ्यांना नीट कळलेलं बरं.

किल्ला नऊशे वर्षांचा. वर जायला दोरावर ओढली जाणारी गाडी आहे. एडरसाहेब कुबड्यांमुळे खालीच थांबले, बाई आमच्याबरोबर आल्या. तिथे एक बुरूज आहे, त्यात कैद्यांना डांबायचे. साखळ्या, बेड्या, लोखंडी मुखवटे. मी निवांत पाहत होतो. बानू म्हणाली, "चला ना, मला इथे गुदमरतं." मी म्हटलं, दम धर. तर ती मला न विचारता एडरबाईंना इंग्लिशमध्ये "प्लीज, गो" म्हणाली. माझ्यासमोर! बाई पुढे गेल्या. मागे आम्ही दोघं, पायऱ्या दगडी, पावसाने ओल्या, तिच्या पायात नव्या वहाणा. पाय घसरला. अकरा पायऱ्या.

एडरबाई उगाच चेहरा पाडून हिंडतात. त्यांना तू काही लिहू नकोस. बानूला मी बजावून ठेवलंय, कुणाजवळ तोंड उघडलंस तर जहांआराला जयगडला चुलत्यांकडे टाकीन, जन्मात तोंड दिसणार नाही. मुलगी आपाकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे, असं मी तिला सांगतो. तेव्हापासून गाईसारखी वागते.

इन्शाल्ला १० जुलैला दुबईत.

खैरुद्दीन

०

साल्झबर्ग
६ जून

आपा,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागेल तसं लावा. एडरबाई दार लावून माझ्याजवळ बसल्यात. तो साहेबांबरोबर नदीवर गेलाय.

पाय घसरला नाही.

त्याने मागून पाठीत लाथ घातली. मी खाली पडले. हात तेव्हा मोडला नव्हता. तो अकरा पायऱ्या सावकाश उतरला. मला वाटलं उचलायला येतोय. त्याने माझ्या मनगटावर बूट ठेवला आणि सगळा भार दिला. म्हणाला, "याच हाताने आपाला लिहिणार होतीस ना." मग दुसरा मोड झाला, कोपराजवळ. आवाज मला ऐकू आला. एडरबाई पायऱ्यांच्या वळणावर परत आल्या होत्या. त्यांनी पाहिलं.

त्यांनी साहेबांना सांगितलं तेव्हा साहेब रडले. म्हणाले, त्याच हातांनी मला वाचवलं होतं.

तुम्ही त्याला लिहिलंत, जे काय असेल ते घरी आल्यावर, चार भिंतींत. ते त्याने मला रोज रात्री वाचून दाखवलं. रागावू नका, पण तुमच्यावर माझा फार राग आहे. चार भिंतींत काय होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं? भिंत आपली एकच आहे. तुम्ही पलीकडे झोपता.

आता ऐका. पोलिसात नोंदणीसाठी आमचे पासपोर्ट एडरबाईंनी घेतले होते, माझा त्यांच्याकडेच आहे. २४ जूनचं मुंबईचं तिकीट त्या काढून देतायत. त्या दिवशी साहेब त्याला मिठाची खाण दाखवायला नेतील. मुंबईला माझा भाऊ मुश्ताक आहे, डोंगरीला.

पण जहांआरा तुमच्याकडे आहे. तुम्ही त्याची बहीण. मुलगी तुम्ही त्याला दिलीत तर मी मुंबईला जाऊन काय करू? तुम्ही नाही म्हणालात तर त्याच्याबरोबर दुबईला येईन. आले तर जिवंत राहीन असं मला वाटत नाही.

मला माझी मुलगी द्या. दुसरं काही मागत नाही.

उत्तर एडरबाईंच्या नावाने पाठवा.

शहरबानू

०

बर दुबई
१३ जून १९६८

बानू, माझ्या बाई,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पहिल्यांदा पोस्टात जाऊन एडरबाईंच्या नावाने तार केली: मुलगी आईकडे निघते आहे. मग घरी येऊन हे लिहायला बसले.

जहांआरा तुझी आहे. मंगळवारी १८ तारखेच्या आगबोटीने जहूर तिला घेऊन मुंबईला निघतात. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पानाचा डबा बंद केला आणि म्हणाले, "तिकीट दोन काढतो." बारा वर्षांच्या संसारात त्यांचं इतकं आवडलेलं वाक्य दुसरं नाही. मुश्ताकभाईंना तार गेली आहे. तू विमानातून उतरशील तेव्हा तुझी मुलगी दाताची डबी घेऊन तिथे असेल.

तुझा राग माझ्यावर आहे तो खरा आहे. ठेव. मी ऐकत होते, बानू. भिंतीपलीकडून मी सहा वर्षं ऐकत होते. आवाज आला की मी स्टोव्हला जोरात पंप मारायची, म्हणजे जहांआराला ऐकू जाऊ नये. सकाळी तुला हळद-दूध करून द्यायची आणि वाटायचं, आपण केवढ्या भल्या.

आता जे कुणाला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझी आई तापाने गेली असं तुला ठाऊक आहे, खैरूलाही तेच ठाऊक आहे. आई तापाने गेली नाही. बाबा बोटीवर खलाशी. सुट्टीवर आले होते. आमच्या परसात विहीर आहे, तिला आत उतरायला पायऱ्या. आईला त्यांनी वरून ढकललं. मग खाली उतरले, तिचं डोकं केसांनी धरलं आणि पायरीवर आपटलं. तीनदा. मी काठावर उभी होते, चौदा वर्षांची. बाबा वर आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "आईचा पाय घसरला. कुणी विचारलं तर काय सांगशील?" मी म्हटलं, पाय घसरला. गावच्या पाटलालाही तेच सांगितलं. मातीला आलेल्या सगळ्यांना तेच सांगितलं. बाबांनी मला हिरव्या बांगड्या आणल्या. मी त्या घातल्या गं.

खैरूच्या पत्रात तेच दोन शब्द वाचले.

त्याला पोरका म्हणून मी कधी कशाला नाही म्हटलं नाही. त्या कोरड्या खुर्चीवर त्याला मीच बसवलं. भिजलीस तू.

हाताला जप. विमानात जेव. माफी आत्ता मागत नाही, मुलगी तुझ्या मांडीवर आल्यावर मागेन.

मरियम

०

बर दुबई
शुक्रवार, २१ जून १९६८

खैरुद्दीन,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा बानू गेलेली असेल. तिला शोधू नकोस. एडरसाहेबांना दोष देऊ नकोस, त्यांच्या घरात आवाजही चढवू नकोस. साहेबांचा पोलिसातला मित्र तुझ्या परतीच्या दिवसापर्यंत रोज चहाला येणार आहे, असं एडरबाईंनी कळवलंय.

तुझी तिजोरी उघडली. जहांआरा मंगळवारीच निघाली. बोटीच्या शिडीवर तिने मला विचारलं, "इज पप्पा कमिंग?" मी म्हटलं, नाही. तेव्हा तिने जहूरचा हात सोडला आणि एकटीच धावत वर चढली. पाच वर्षांची पोर. मी धक्क्यावर बसून रडले.

आज शुक्रवार. जेवणं झाली. मंडळी बसली. रफिक म्हणाला, "भाबी, खैरूची चिठ्ठी आली का?" मी म्हटलं, आली आहे, आज सगळं वाचते, एक अक्षर गाळणार नाही. तुझंच सांगणं होतं तसं.

पहिलं पत्र परत वाचलं. प्लॅटफॉर्मच्या जागी या वेळी कुणी टाळी मारली नाही. दुसरं वाचलं, गुहेसकट. 'आता हस, हस ना' हे दोनदा वाचलं. तिसरं वाचलं, पाय घसरला, अकरा पायऱ्या. मग त्याच दमात बानूचं वाचलं. तिचं डाव्या हाताचं अक्षर लागेना, तर युसुफचाचांनी चष्मा लावून पुढचं स्वतः वाचलं. मनगटावरच्या बुटाशी ते थांबले. त्यांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि संपवला. रफिक मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत होता. म्हणाला, "मैंने ताली बजायी थी."

मग मी आईचं सांगितलं. बावीस वर्षांनी. तू तापाचं ऐकत आलास, ते खोटं आहे. बाबांनी तिला विहिरीत ढकललं आणि डोकं पायरीवर आपटून मारलं, आणि पाय घसरला असं मी साऱ्या गावाला सांगितलं. चाचा त्या मातीला होते. त्यांनी तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आज म्हणाले, "मुली, तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हटलं, कुणी विचारलं होतं, चाचा?

चाचांनी इथेच बसून काझींना अर्ज लिहिला. शहरबानूचा निकाह मोडून द्यावा आणि मुलगी आईकडे राहावी. तुझी तिन्ही पत्रं साक्षीला जोडली. खाली पाच सह्या आहेत. रफिकची सही पहिली आहे. तुझ्याविरुद्ध साक्षीदार शोधावा लागला नाही, खैरू. तू स्वतःच दर पंधरवड्याला लिहून पाठवत होतास.

तुझी ती वेताची खुर्ची, बैठकीत तुझ्याशिवाय कुणी बसायचं नाही ती, मंडळी गेल्यावर मी अंगणात नेली आणि कोयत्याने फोडली. मला वाटलं होतं दोन घावांत तुटेल. बराच वेळ लागला. हाताला फोड आले तरी मी थांबले नाही. शेजारणी गच्चीवरून बघत होत्या, बघू दे. मग ती चुलीत घातली आणि तिच्यावर पाणी तापवून नखशिखांत न्हाले.

एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही, ती तुला सांगते. त्या दिवशी विहिरीवर मी एकटी नव्हते. तू माझ्या कडेवर होतास. मी तुझे डोळे झाकायला हवे होते. मला सुचलं नाही. तू सगळं पाहिलंस, आणि मग मला विचारलंस, "आई का उठत नाही?" मी तुलाही तेच सांगितलं, पाय घसरला; पुढे तू ते विसरलास, तेव्हा विहिरीचं नावच नको म्हणून ताप सांगत आले. तुला शिकवलं ते मीच. म्हणून तुझा तिटकारा येतो तेव्हा माझाही येतो, आणि रडू येतं ते चार वर्षांच्या त्या पोरासाठी येतं. या माणसासाठी येत नाही.

१० जुलैला तू येशील. जहूर मुंबईहून परतलेले नसतील. घरात मी एकटी असेन. तुला राग येईल, तू दार ठोठावशील, ते मी उघडीन. हात उचलावासा वाटला तर उचल, तुझे हात मला ठाऊक आहेत, मीच भरवून मोठे केलेत. शेजारपाजार जमेल. चाचा येतील, रफिक येईल. विचारतील, काय झालं?

या वेळी जे झालं तेच सांगेन.

मरियम